वाल, वलगण आणि मुळशीचं पाणी

सह्याद्रीच्या पायथ्याच्या बहुतेक नद्या एप्रिल-मेमध्ये डोहांपुरत्या उरतात, पण रायगड जिल्ह्यातल्या कोलाडची कुंडलिका तेव्हाही वाहती असते. तिच्यातलं पाणी घाटमाथ्यावरून येतं. मुळशी धरणातलं पाणी कड्याखाली भिऱ्याच्या वीजगृहात उतरतं, तिथली जनित्रं फिरवतं आणि नदीत सुटतं. सकाळी पाणी सुटलं की राफ्टिंगच्या बोटी त्याच्यावर निघतात आणि मुंबई-पुण्याची मंडळी लाइफ जॅकेट चढवून तयार असतात. पुढे तेच पाणी डोलवहालच्या बंधाऱ्यावर अडतं आणि कालव्यांनी रोहा-माणगावच्या शिवारात जातं. त्या पाण्यावर या भागात उन्हाळी भात होतं.

हे पाणी मुळात कोकणाचं नाही. मुळा नदीचं, म्हणजे भीमेच्या खोऱ्यातलं हे पाणी पूर्वेकडे जायचं. टाटा कंपनीने ते अडवून पश्चिमेकडे वळवलं, आणि त्यासाठी मुळशी पेट्यातली पन्नासवर गावं आपल्या भातखाचरांसकट उठणार होती. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यांच्याबरोबर होते. लढा 1924 पर्यंत चालला, धरण झालंच, आणि 1927 मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली. मुळशीचा आंबेमोहोर आजही नावाजलेला आहे. त्या तांदळाची कितीतरी जमीन पाण्याखाली गेली. कड्याच्या खाली, कोलाडच्या बाजूला, मात्र त्याच पाण्याने दुबार भातशेती शक्य झाली.

कोलाडच्या शेतकऱ्याने काही ते धरण मागितलं नव्हतं. पण आपण खातो त्या घासामागे कुणाची जमीन, कुणाचं पाणी आणि कुणाची मेहनत आहे हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे दाखवणारी जागा मला दुसरी माहीत नाही. हल्ली 'नैतिक आहार', 'शाश्वत आहार' असे शब्द आरोग्याच्या पुरवण्यांतून वारंवार येतात. त्यांचा अर्थ बहुधा महागड्या पाकिटावरचा हिरवा शिक्का एवढाच उरतो. रोहा आणि पेण तालुक्यांत जे पिकतं आणि शिजतं त्याकडे नीट पाहिलं, तर त्याहून पुष्कळ जास्त हाती लागतं.

सगळ्यात आधी एक गैरसमज बाजूला करू. जवळचं अन्न चांगलं आणि लांबचं वाईट, असं आपण सरसकट धरून चालतो. 2018 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात पूर आणि नेमेसेक या संशोधकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 119 देशांतल्या सुमारे 38,700 शेतांची माहिती त्यांनी एकत्र केली होती. अन्नातून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा त्यात जेमतेम 6 टक्क्यांच्या आसपास निघाला. बाकीचं बहुतेक शेतात, गोठ्यात आणि जमिनीच्या वापरात घडतं. किती मैलांवरून आलं यापेक्षा काय खाल्लं आणि ते कसं पिकवलं, याने जास्त फरक पडतो. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून आलेला कोबी आणि कोलाडच्याच एखाद्या शेडमध्ये वाढलेली कोंबडी यांत कोंबडी जवळची आहे, पण हलकी नाही. तिच्या पोटात गेलेला मका आणि सोयाबीन कोकणात पिकलेला नसतो.

जवळच्या अन्नाचा खरा फायदा वेगळा आहे. ते कसं पिकलं हे विचारता येतं, कारण पिकवणारा समोर असतो. माझ्या मते स्थानिक अन्नाची एवढी एक बाजू पुरेशी आहे, बाकीचे दावे फुगवायची गरज नाही.

आता भात. एक किलो तांदळाला अडीच हजार लिटर पाणी लागतं, हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं. आकडा ढोबळमानाने बरोबर आहे, पण त्यात पावसाचं पाणीही मोजलेलं आहे, आणि तिथेच घोटाळा होतो. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. ते पाणी खाचरात अडवलं नाही तर दोन दिवसांत खाडीला जाऊन मिळतं. बांध घालून पाणी साठवणारं भातखाचर त्यातलं काही जमिनीत मुरवतं. पंजाबात बोअरवेलने उपसलेल्या पाण्यावर भात घेतात आणि तिथला भूजलसाठा दरवर्षी खाली जातो. किलोमागे आकडा एकच असला तरी कोलाडचं पावसाळी भात आणि पंजाबचं भात यांना एका मापाने मोजणं अन्यायाचं आहे.

पण भाताचा दुसरा हिशेब आहे आणि तो पावसाने माफ होत नाही. खाचरात पाणी तुंबून राहिलं की चिखलातला प्राणवायू संपतो. मग प्राणवायूशिवाय जगणारे सूक्ष्मजीव कुजणाऱ्या काडीकचऱ्यावर वाढतात आणि मिथेन तयार करतात. हा वायू भाताच्या पोकळ खोडांतून वर येतो. रोपं जणू त्याची धुराडी होतात. शंभर वर्षांच्या मापाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट उष्णता धरतो. म्हणून किलोमागे तांदळाचं उत्सर्जन गव्हापेक्षा बरंच जास्त भरतं.

यावर उपाय आहे. खाचरातलं पाणी मधूनमधून आटू द्यायचं, जमीन थोडी उघडी पडली की पुन्हा भरायचं. असं केल्याने मिथेन साधारण तिसऱ्या हिश्श्याने ते निम्म्याने घटतो आणि उत्पन्न फारसं कमी होत नाही. जुलैत कोकणात हे कोणाला जमणार? आभाळच फाटलेलं असतं. पण उन्हाळी भाताला पाणी कालव्यातून मिळतं, त्याची पाळी ठरलेली असते. म्हणजे जिथे पाणी माणसाच्या हातात आहे तिथेच ही पद्धत शक्य आहे. डोलवहालच्या कालव्याखालची शेतं या कामासाठी जिल्ह्यात सगळ्यात योग्य आहेत. मुळशीची जमीन बुडवून आलेलं पाणी आहे, निदान ते बेताने वापरायला हवं.

याच जिल्ह्यातून आलेली दुसरी पद्धत म्हणजे 'सगुणा राईस तंत्र'. नेरळच्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी ती विकसित केली. यात चिखलणी नाही, लावणी नाही. एकदा गादीवाफे करायचे, लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर भोकं पाडायची, त्यात बी टाकायचं. कापणीनंतर मुळं जमिनीतच राहू द्यायची. त्याच वाफ्यांवर नांगरट न करता पुढचं पीक. यात राब भाजणं वाचतं. कोकणात रोपांच्या जागेवर झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण अंथरून उन्हाळ्यात जाळतात. त्यासाठी दरवर्षी झाडं सवळली जातात आणि मे महिन्यात डोंगराच्या कुशीत धूर कोंडतो. ते सगळं टळतं. मात्र चिखलणी नाही म्हटल्यावर तण वाढतं, आणि ते मारायला बहुतेक जण तणनाशक वापरतात. मला ही पद्धत आशेची वाटते, पण तणनाशकाचा प्रश्न तिच्या पुरस्कर्त्यांनी अजून जास्त गांभीर्याने घ्यायला हवा.

भाताबद्दल खाणाऱ्याच्या हातात काय आहे? पूर्वी घरोघरी दिवाळीनंतर वर्षाचा तांदूळ भरून ठेवत. ओळखीच्या शेतकऱ्याकडून पावसाळी भाताचा तांदूळ घ्यायचा, कडुनिंबाचा पाला घालून कणगीत किंवा डब्यात ठेवायचा. ती पद्धत मोडली, कारण शहरातल्या घरांत जागा नाही आणि दुकानात पाच किलोची पिशवी केव्हाही मिळते. पण पावसाळी पिकाला थेट गिऱ्हाईक मिळवून देण्याचा तोच सगळ्यात साधा मार्ग होता.

त्या गिऱ्हाइकाचं मोल किती आहे ते पाहा. 2025-26 च्या हंगामासाठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये आहे. एक क्विंटल भात भरडलं की साधारण 67 किलो तांदूळ निघतो. म्हणजे तांदळाच्या हिशेबाने शेतकऱ्याला किलोमागे 35 रुपयांच्या आसपास मिळाले. एका माणसाच्या जेवणात 100 ग्रॅम तांदूळ धरला तर साडेतीन रुपये. त्यात नांगरट, बी, खत, लावणीची मजुरी, कापणी, झोडणी सगळं आलं, आणि तेही हमीभाव खरोखर पदरात पडला तर. खरेदी केंद्रापर्यंत भात नेणं, तिथे थांबणं, पैशांची वाट पाहणं छोट्या शेतकऱ्याला परवडत नाही, तो दारात आलेल्या व्यापाऱ्याला देऊन मोकळा होतो. जिल्ह्याचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. पेणच्या शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी येथे 1933 साली कुळांनी खोतांच्या विरोधात जमिनी कसायचं थांबवलं, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तो संप 1939 पर्यंत चालला. पिकवणाऱ्याच्या वाट्याला काय उरतं, हा त्या संपाचा प्रश्न होता. खोत गेले, प्रश्न राहिला आहे.

पेणच्या खारेपाटातल्या भाताबद्दल थोडं सांगायलाच हवं. खाडीचं खारं पाणी बांधाने अडवून केलेली ही शेती आहे. तिथे 'राता' नावाचं लाल तांदळाचं जुनं वाण खाऱ्या जमिनीत तग धरतं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने यातून निवडलेली 'काळा राता' आणि 'भुरा राता' ही वाणं क्षार सोसणाऱ्या जाती तयार करताना संशोधकांना उपयोगी पडली आहेत. समुद्र वर येतोय, बांध फुटताहेत, शेतांत खारं पाणी शिरतंय. अशा वेळी हे वाण शेतात जिवंत राहायला हवं. ते शेतात तेव्हाच राहील जेव्हा कोणी तो लाल तांदूळ मागून खाईल. बाजारात त्याच्या रंगामुळे तो मागे पडतो.

आता वालाकडे येतो. या लेखाचं खरं कारण वाल आहे.

भात कापून झालं की नोव्हेंबरात खाचरात ओल शिल्लक असते. त्या ओलीवर रोहा, पेण, माणगावचे शेतकरी वाल टाकतात. पाणी द्यायचं नाही. थंडीतलं दव आणि जमिनीतली ओल यांवर पीक उभं राहतं. वालाच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन घेऊन पिकाला देतात, म्हणून युरियाची फारशी गरज पडत नाही, आणि पुढच्या भातालाही जमिनीत थोडं शिल्लक राहतं. जानेवारीत शेंगा भरतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळलेला वाल घरात येतो. दाण्यात प्रथिनं साधारण 24 टक्के. पाणी, खत, इंधन, हवामान, कोणत्याही कसोटीवर लावा, याच्याइतकं कमी ओझ्याचं प्रथिन आपल्या भागात दुसरं नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने वालाची सुधारित वाणं काढली आहेत, आणि कोलाडहून रोह्याला जाताना वाटेवर किल्ला येथे कृषी विज्ञान केंद्रही आहे. तरीही वालाखालची जमीन म्हणावी तशी वाढत नाही.

याची कारणं शेतीबाहेरची आहेत. पहिलं कारण मोकाट गुरं. भात निघालं की गुरं सोडून द्यायची कोकणात जुनी रीत आहे. एकट्यादुकट्याने वाल पेरला तर तो गुरांच्याच पोटात जातो. शिवारातल्या सगळ्यांनी मिळून पेरला आणि गावाने चराईबंदी पाळली तरच पीक हाती लागतं. म्हणजे वालाचा निर्णय एका शेतकऱ्याचा नसतो, गावाचा असतो. ज्या गावात हा सलोखा टिकला आहे तिथे आजही पौषात शिवार हिरवं दिसतं.

दुसरं कारण भावाचं. केंद्र सरकारच्या हमीभावाच्या यादीत तूर, मूग, उडीद, हरभरा, मसूर आहेत; वाल नाही. 2024-25 मध्ये देशाने 70 लाख टनांहून जास्त डाळी आयात केल्या. कॅनडा-रशियाचा पिवळा वाटाणा बंदरावर उतरतो आणि इथे भाताच्या ओलीवर फुकट वाढणारा वाल पेरायला माणूस तयार नसतो. ज्या पिकाला सरकारचा आधार नाही त्याला खाणाऱ्याचाच आधार. म्हणून वाल विकत घेण्याला मी साधी खरेदी मानत नाही.

वालाला वेळ लागतो, हे खरं. कडवा वाल रात्रभर भिजवायचा, पाणी ओतून फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सालातून बाहेर काढायचा. दोन बोटांत दाबला की पांढरट डाळिंबी टुपकन बाहेर येते. श्रावणात घरातल्या बायका-पोरं परातीभोवती बसून हे करायची. या खटाटोपाला कारण आहे. कच्च्या वालात, विशेषतः गडद रंगाच्या दाण्यांत, सायनाइड देणारी संयुगं आणि प्रथिनांचं पचन रोखणारे घटक असतात. भिजवणं, पाणी टाकून देणं, मोड आणणं, साल काढणं आणि नीट शिजवणं यांनी ते जातात किंवा निष्प्रभ होतात. प्रयोगशाळा नसताना कोकणातल्या स्वयंपाकघरांनी ही प्रक्रिया बसवली. आज सोललेल्या डाळिंब्या बाजारात तयार मिळतात. त्या सोलणारे हात बहुतेक गावातल्या बायकांचेच असतात. त्या महाग वाटल्या तर एकदा स्वतः अर्धा किलो वाल सोलून पाहावा.

पोपटी हा तर वालाचा थंडीतला सण. शेतात आपोआप उगवणारा भांबुर्डा उपटून आणायचा. मडक्याच्या तळाशी त्याचा थर, मग ओल्या वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, आवडीप्रमाणे बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, वर पुन्हा भांबुर्ड्याने तोंड गच्च बंद. मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, सुकी लाकडं, पाला रचून पेटवायचं. यात पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या वाफेवरच सगळं शिजतं. मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडून चर्र आवाज आला की झालं, असं जाणती माणसं सांगतात. शेंग भाताच्या ओलीवरची, पाला शेतातलं तण, जळण भाताचा पेंढा. एकाच शेतातून सगळं येतं. कोलाडची रिसॉर्टं आता जानेवारीत पोपटीचे बेत जाहीर करतात, आणि ते मला चांगलं वाटतं, कारण त्यामुळे ओल्या शेंगांना भाव मिळतो. एक काळजी घ्यावी. शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी काही ठिकाणी फवारणी होते. शेंगा घेताना शेवटची फवारणी कधी झाली, हे शेतकऱ्याला सरळ विचारावं. विचारणारं गिऱ्हाईक असलं की फवारणी जपून होते.

माशांच्या बाबतीत मात्र इथली सगळ्यात लाडकी सवयच अडचणीची आहे. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात नदी-ओढे भरले की मासे उलटे चढून शेतांत शिरतात. ही वलगण. नदीतून ओहोळात, ओहोळातून खाचरात ते येतात ते अंडी घालायला. त्या रात्री टॉर्च, आसू, पाग, कोयता जे हाती येईल ते घेऊन माणसं बांधावर उतरतात. पेणच्या खाडीपट्ट्यात याच दिवसांत गाभोळीने भरलेली चिवणी मिळते आणि तिला भाव विचारू नये इतकी मागणी असते. वलगणीचा मासा रुचकर असतो, आणि भातलावणीच्या आधी घरात ताजं प्रथिन येतं हेही खरं. मीही हा मासा आवडीने खाणाऱ्या घरातला आहे. पण पोटात गाभोळी असलेली मादी वर्षातून एकदाच अंडी द्यायला निघालेली असते, आणि आपण तिला वाटेतच धरतो. पूर्वी पकडणारी माणसं मोजकी होती, साधनं साधी होती. आता ओहोळाच्या तोंडावर बारीक जाळी आडवी लावली जाते, मग वर एकही मासा पोचत नाही. शेतातल्या रसायनांनी आणि नदीच्या प्रदूषणाने मासे आधीच घटलेले आहेत. 2018 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने काढलेल्या यादीत महाराष्ट्रातले 53 नदीपट्टे प्रदूषित ठरले, त्यांत कुंडलिकाही आहे.

समुद्राला निदान नियम आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. 2023 मध्ये राज्य सरकारने 54 जातींसाठी किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पापलेटसाठी तो 135 मिलिमीटर आहे. त्याच वर्षी रुपेरी पापलेट राज्य मासा झाला. पण कोळ्याने छोटं पापलेट टाकून द्यावं अशी अपेक्षा करायची आणि बाजारात आपणच तळव्याएवढी पापलेटं स्वस्त म्हणून डझनाने घ्यायची, हे चालणार नाही. छोटं पापलेट घेऊ नये. पावसाळ्यात सुकट, सोडे, सुके बोंबील खावेत, कोकणात ते त्याच काळासाठी उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले असतात. आणि वलगणीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत गावाने मिळून जाळं लावायचं नाही असं ठरवलं, तर त्या एका निर्णयाने कुंडलिकेच्या खोऱ्यात जितके मासे वाढतील तितके दुसऱ्या कशाने वाढणार नाहीत. वालासाठी चराईबंदी करणाऱ्या गावाला हे अशक्य नाही.

पहिल्या पावसानंतर कोलाडच्या आंबेवाडी नाक्यावर कातकरी बाया रानभाज्यांचे वाटे मांडून बसतात. शेवळं, कुर्डू, टाकळा, भारंगी, पुढे कंटोळी. शेवळ्यांबरोबर काकडं ही हिरवी आंबट फळं घ्यावीच लागतात, नाहीतर शेवळ्याने घसा खाजतो. त्या बाया ती न मागता वाट्यात घालतात आणि किती घालायची हेही सांगतात. या भाज्यांना पाणी दिलेलं नाही, खत नाही, फवारणी नाही. आणि त्या वेचणाऱ्या समाजाच्या वाट्याला वर्षभर काय येतं? दिवाळीनंतर कितीतरी कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, मुलांची शाळा सुटते, आणि हिशेब पावसाळ्यापर्यंत फिटत नाही. पावसाळ्याचे चार महिने हाताला काम नसतं तेव्हा रानभाजीचे पैसे चुलीला आधार देतात. वीस रुपयांच्या वाट्यात पाच रुपये कमी करून मागणं मला नेहमी खटकतं. दुकानातल्या पाकिटावरची किंमत आपण मुकाट्याने देतो.

खरं तर अन्नाची नैतिकता पहिल्यांदा इथेच तपासायला हवी, माणसाच्या बाबतीत. प्राणी, पाणी, हवामान यांचा विचार करणारी मंडळी लावणीच्या मजुरीबद्दल, भट्टीवरच्या उचलीबद्दल क्वचित बोलतात. कोंबडीच्या शेडचंही तसंच. करारावर कोंबड्या वाढवणाऱ्याला पिल्लं आणि खाद्य कंपनी देते, शेड, वीज आणि राबणं त्याचं. पाच-सहा आठवड्यांत पक्षी तयार होतो. पक्ष्याचे हाल आणि शेतकऱ्याचं अवलंबित्व, दोन्ही स्वस्त चिकनमध्ये आलेलं असतं. रोज खाण्याऐवजी आठवड्यातून एकदा खाल्लं आणि बाकी दिवस वाल, मूग, मटकी, सुकी मासळी ठेवली, तर तेवढ्याने मोठा फरक पडतो. कोकणातल्या जुन्या घरांत असंच जेवण होतं.

उरला उष्ट्याचा विषय. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं, म्हणजे लोकांपर्यंत पोचलेल्या अन्नाचा 19 टक्के भाग. भारतातल्या घरांत हे प्रमाण माणशी वर्षाला 55 किलो धरलं आहे. कोलाडच्या पर्यटनात दिवसभराच्या पॅकेजमध्ये हवं तेवढं जेवण असतं. राफ्टिंगहून भुकेलेली मंडळी ताट भरभरून घेतात आणि अर्धं टाकतात. टाकलेला भात कचऱ्याच्या ढिगात कुजतो आणि पुन्हा मिथेनच सोडतो. म्हणजे त्या भाताने दोनदा हवा तापवली, आणि त्यासाठी मुळशीचं पाणीही वापरलं.

तुम्ही कोलाडला येणार असाल, तर काही गोष्टी मनावर घ्या. जेवायला बसताना रिसॉर्टच्या माणसाला विचारा की आज वालाचं बिरडं आहे का, भाजी कुठली आहे, तांदूळ इथला आहे का. दहा पर्यटकांनी विचारलं की अकराव्याच्या वेळी ते ताटात असेल. ताटात घ्याल तेवढं संपवा. जानेवारीत आलात तर पोपटी खाऊन परतताना रस्त्याकडेच्या शेतकऱ्याकडून दोन किलो ओल्या शेंगा घ्या, आणि मार्चमध्ये परत आलात तर पाच किलो कडवे वाल. जूनमध्ये आलात तर शेवळं घ्या, घासाघीस करू नका, आणि कोणी गाभोळीची चिवणी किंवा वलगणीचा मासा पुढे केला तर या वर्षी नको म्हणा. रोहा-पेणच्या गावकऱ्यांनाही एक विनंती आहे. भात कापणीच्या आधी ग्रामसभा होते, तिच्यात दोन ठराव मांडा: डिसेंबर ते मार्च चराईबंदी, आणि पुढच्या जूनमध्ये वलगणीच्या पहिल्या तीन दिवसांत जाळंबंदी. दोन्ही ठरावांना पैसा लागत नाही.